सर्वेअरची सही

अठरा नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळचे सात पन्नास. एक गॅरेज, शटर अर्धं खाली, आत एकच ट्यूबलाइट.

वेळ मी दोनदा तपासलीय, पोरांनो. छत्तीस वर्षं बातम्या दिल्या, भुतावर एक ओळ लिहिली नाही. हेही लिहिलं नाही. म्हणून तर अंक छापायला गेल्यावर, निम्मे दिवे मालवून सांगतोय.

आपला जुना फोटोग्राफर तुम्ही पाहिलेला नाही. त्याच्या गाडीला एका टेम्पोनं ड्रायव्हरच्या बाजूनं धडक दिली. दोन्ही दारं आणि दारांमधला खांब चेपला. गाडी त्यानं मावसभावाच्या गॅरेजमध्ये टाकली. एका ताटात जेवून वाढलेले दोघं. भाऊ म्हणाला, "दादा, घरची गाडी आहे, डोळे मिटून ने." फोटोग्राफरला डोळे मिटायला सांगतो! तिथंच पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची मुलगी तीच गाडी घेऊन नोकरीच्या गावी निघणार होती. एकटी, हायवेनं. म्हणून काम नीट झालंय का, हे बघायला हा स्वतः गेला.

गाडी आरशासारखी चकाकत होती. भावानं विमा कंपनीच्या सर्वेअरचा कागद पुढे केला. खांब नवा बसवलाय, गाडी चालवायला हरकत नाही. खाली निळ्या शाईत सही, तारीख चौदा नोव्हेंबर. यानं सवयीनं मोबाइलवर त्याचा फोटो काढला. भाऊ किल्ली आणायला आत गेला.

तेवढ्यात गाडीच्या मागून एक म्हातारा पुढे आला. राखाडी स्वेटर, हातात गोल चुंबक. पत्र्याऐवजी पुट्टी भरली असेल तर चुंबक धरत नाही, एवढं याला ठाऊक होतं. गॅरेजचाच कुणी तपासनीस असेल, असं त्याला वाटलं.

म्हाताऱ्यानं चुंबक बॉनेटला लावलं. टक्. छताला लावलं. टक्. मग मधल्या खांबाला.

पडलं.

त्यानं उचललं. थोडं खाली लावलं. पडलं. आणखी खाली... पडलं.

सिमेंटच्या जमिनीवर. तीन वेळा. आवाज एकदाही नाही.

"खांब नवा आहे ना?" यानं विचारलं.

म्हाताऱ्याची नजर कागदावर.

"सही माझी नाही."

ट्यूब लुकलुकली. समोर... कुणी नव्हतं.

भाऊ परत आला, कुणाशी बोलतोयस म्हणाला. यानं स्वेटर सांगितला, चुंबक सांगितलं. भावाच्या हातातली किल्ली पडली. तिचा आवाज आला.

"ते... ते सर्वेअर ऑगस्टमध्येच गेले, दादा."

"मग चौदा तारखेला सही कुणी केली?"

भाऊ वाकून किल्ली उचलायला लागला.

"अरे, तुझ्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर उद्या यात बसणार होती."

"सगळीकडे असंच चालतं, दादा."

तुम्ही काय भुताला घाबरता! मी त्या भावाला घाबरतो.

यानं कागद हिसकावला, पाकिटात घातला, गाडी ओढून दुसऱ्या गॅरेजला नेली. तिथं खांब खरवडला. रंगाखाली चार बोटं पुट्टी, पुट्टीमागे तारेची जाळी, जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे. आपल्याच वर्तमानपत्राचे.

सकाळी तो माझ्या टेबलापाशी आला. पाकीट मी उघडलं. शिक्का होता, तारीख होती, मजकूर होता. सहीची जागा कोरी. खोडलेली नाही, पुसलेली नाही. उजेडात धरली, भिंगाखाली धरली. कोरी.

मोबाइलमधल्या फोटोत सही आजही आहे.

विमा कंपनीला मी पत्र लिहिलं. एका ओळीचं उत्तर आलं: सही नसलेल्या कागदाबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही. मग दुसरं पत्र लिहिलं. त्या सर्वेअरच्या नावावर ऑगस्टनंतर किती गाड्या पास झाल्या, एवढंच विचारलं.

त्या पत्राला सहा वर्षं झाली.