माधव टिल्लूंची मनमुद्रा

माधव टिल्लूंना आज एकशे बाराव्यांदा त्यांची चूक सांगितली जाणार होती, आणि दरवेळी ती त्यांना नवीनच असे.

त्यांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. उरली होती ती त्यांची मनमुद्रा. जिवाशी गाठ असलेलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या मेंदूचा ठसा, काम संपताक्षणी, त्या कामासोबतच जतन करायचा, असा कायदाच होता. पूर्वी काही बिघडलं की पहिला प्रश्न असे, 'कोणी केलं?' माणूस सापडला की त्याला घरी बसवून बाकीचे हात झटकायला मोकळे! आता त्या मनमुद्रेलाच विचारत, 'असं करणं तुम्हाला बरोबर का वाटलं?' या एका प्रश्नाने हजारो जीव वाचले होते.

त्यांची मुलगी शर्वरी यंदा त्यांची मनमुद्रा वापरू देण्याच्या संमतीपत्रावर सही करायची नाही असं ठरवूनच मनमुद्रा केंद्रात आली होती.

"त्यांना एकदाच सांगा ना, डॉक्टर. मग ती आठवण राहू द्या."

"राहू दिली की पुढच्या वेळी ते सावध होतात," केंद्राच्या डॉ. लोटलीकर म्हणाल्या. "चूक कळलेला माणूस आपल्या कारणांना मुलामा देतो. आम्हाला चूक कळण्याआधीचे टिल्लू हवेत. म्हणून दरवेळी पुसावं लागतं." हे सांगताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं.

शर्वरी वर्गात मागे जाऊन बसली. विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारताच माधवरावांचा आवाज आला, चांगला उत्साहात. "शिरेतून औषध सोडणारा पंप ना? अहो, पेशंटने कूस बदलून नळी क्षणभर दबली तरी गजर व्हायचा. नर्स बिचाऱ्या वैतागून तो बंदच करून टाकायच्या. म्हणून मी दहा मिनिटं थांबून वाजवायला लावला. लोकांना जरा झोप लागावी हो!"

याच उत्तरामुळे आता प्रत्येक प्रोग्रामरला आधी महिनाभर वॉर्डात काढावा लागे.

"पण काही पेशंटची नळी खरोखरच अडकली, सर," एक विद्यार्थी म्हणाला. "गजर वाजेपर्यंत सात जण गेले."

मग रडणं ऐकू आलं. शर्वरीला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मला विचारत राहा," शेवटी ते म्हणाले. "कितीही वेळा. फक्त माझ्या मुलीला यातलं कळू देऊ नका. नऊ वर्षांची आहे हो." वर्गातला कॅमेरा शर्वरीकडे वळला. "बाई, तुम्ही कोण?"

"विद्यार्थिनी," शर्वरी म्हणाली.

"मग लिहून घ्या. कुणाचा तरी जीव वाचेल."

शर्वरीने पेन काढलं आणि संमतीपत्रावर आपलं नाव लिहिलं.