पुढचं नाव

"काम साधंच होतं," नसरुद्दीनचाचा म्हणाले. "चाऱ्याचे साठ गठ्ठे समैस्मा गावाच्या पुढे एका मजऱ्यावर उतरवायचे आणि परत यायचं."

मजरा म्हणजे शेत. इथे सगळे तसंच म्हणतात. चाचा आमच्या खोलीतले सर्वांत मोठे. तीस वर्षं कतारमध्ये पिकअप चालवतायत. त्या दिवशी, पाच फेब्रुवारीला, माझ्या भाईच्या मौतीचा चाळिसावा दिवस झाला होता. भाई म्हणजे जाफर, माझा मोठा भाऊ. चाचांबरोबरच ड्रायव्हर होता. एकोणतिसाव्या वर्षी झोपेत गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. इथेच दोह्यात दफन केला. रात्री फातेहा होऊन पाहुणे गेले, पण अल मन्सूरा वस्तीतल्या त्या खोलीत झोप कुणालाच येत नव्हती.

"चाचा, काहीतरी सांगा," असं जैदनेच म्हटलं होतं. तो आमच्याच गावचा. "नाहीतर हा जियाद रात्रभर भिंतीकडे बघत बसेल."

जियाद म्हणजे मी.

"माझ्या ओळखीचा एक पोरगा होता," चाचा पुढे सांगू लागले. "शुक्रवार, बारा डिसेंबर. गठ्ठे उतरेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. चंद्र अजून उगवायचा होता. मजऱ्यामागे खजुरीची झाडं संपतात, तिथे त्या घराण्याचं कब्रस्तान आहे. गुडघ्याएवढी दगडी भिंत आणि आत जायला एक फट. तिथे कोणी राहत नव्हतं तेव्हा ज्याने पहिली विहीर खणली, त्याचा दगड पहिला. मग त्याच्या मुलाचा, मग नातवाचा. दगडांवर काही लिहिलेलं नाही. घरातला म्हातारा पोरांना एकेका दगडापाशी नेतो आणि नावं पाठ करून घेतो. तीच त्यांची वंशावळ."

"आपल्यासारखंच," जैद म्हणाला.

"हो. आपण गावी कब्रस्तानात शिरलो की सलाम करून काय सांगतो?"

"मी अमुक, अमक्याचा मुलगा, अमक्याचा नातू. ज्याने जंगल तोडून पहिली खाचरं केली तिथपर्यंत."

"आत आलेला घरचाच आहे, हे त्यांना कळावं म्हणून. हा पोरगा दोन वर्षं गावी गेला नव्हता. बाप गेला तेव्हा सुट्टी मिळाली नाही. मूठभर माती टाकायची राहून गेली. ते दगड बघून त्याला राहवलं नाही. आत गेला. सलाम केला. आणि आपली सगळी नावं सांगितली."

"परक्यांच्या कब्रस्तानात?" जैद हसला. "ते म्हणाले असतील, आधी आयडी दाखव."

चाचा हसले नाहीत.

"निघायला वळला तर फट दिसेना. म्हटलं, अंधार आहे. भिंत ओलांडली. पाय पडला तो आतच. पुन्हा ओलांडली. आतच. पिकअपचे दिवे समोर दिसत होते. वीस पावलांवर... मग पहिल्या दगडापाशी आवाज आला. म्हाताऱ्याचा. शांत. नावं घेत होता. एकेका दगडावर एकेक. अरबी नावं. शेवटचा दगड आला. आवाज थांबला नाही."

चाचांनी मान खाली घातली.

"बाबूमियां... इस्माईल... दाऊद..."

दाऊद माझ्या अब्बांचं नाव. इस्माईल आजोबांचं.

"...जाफर," चाचा म्हणाले.



"पुढे?" मी विचारलं.

"पुढे आवाज गप्प. वाट बघत होता. जाफरला मूलबाळ नाही. पाठचा भाऊ एकच, तू. पुन्हा पहिल्यापासून सगळी नावं. पुन्हा जाफरवर येऊन थांबला. पुढचं नाव दिलं की भिंत सोडेल, हे तुझ्या भाईला कळलं होतं. त्याने तोंडात रुमाल कोंबला. पहाटे फजरच्या अजानपर्यंत तसाच बसला. अजान झाली आणि फट दिसली. सकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, चाचा, मी नाव दिलं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी..."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू काय करशील ते माहीत होतं. आज मात्र पोटात ठेवणं झालं नाही."

मी चपला घातल्या.

"जियाद, बस."

"माझं नाव दिलं नाही म्हणून भाई तिथे अडकलाय."

"भाई दोह्यात आहे. तुझ्या हातांनी माती दिलीस."

"मग मी चालत जातो."

चाळीस किलोमीटर. चाचांनी चावी उचलली.

दोन वाजता पोचलो. चाचा म्हणाले, "भिंतीबाहेर उभा राहा. फातेहा पढ. नाव घेऊ नकोस. कुणाचंच."

मी फातेहा पढलो. मग शेवटच्या दगडानंतरची मोकळी जागा दिसली. सारखी केलेली. एका माणसापुरती. मला पुढचं काही सुचलं नाही. मी आत गेलो.

"मी जियाद," मी ओरडलो. "दाऊदचा मुलगा. जाफरचा धाकटा भाऊ. घ्या नाव. भाईला सोडा."

काही नाही.

वारा पडला होता. वळलो. फट नव्हती. भिंत ओलांडली. आत. पुन्हा ओलांडली. आत. समोर चाचा दोन्ही हात हलवत होते. तोंड उघडं. आवाज येत नव्हता. मी भाईला हाक मारली. माझाही आवाज मला आला नाही. पुन्हा ओलांडली... आत... मागे कोणीतरी श्वास घेतला...

मग मी पालथा पडलो. तोंडात वाळू. चाचांचा हात माझ्या मनगटावर. मी बाहेर होतो.

आम्ही परत निघालो. मन्सूरात किराणा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली गाडी लागली. मी उतरून पुढे झालो.

"थांब," चाचा म्हणाले. "हलू नकोस."

माझ्या शर्टावर, पाठीच्या मधोमध, हाताचा पंजा उमटला होता. ओल्या मातीचा. आमच्या खाचरांत पावसाळ्यात असते, तशी लाल माती. पाचही बोटं वरच्या दिशेला.

जैद म्हणतो, भाईनेच ढकललं तुला.  शर्ट मी धुतलेला नाही. रोज काढून बघतो. मागून ढकललं तर बोटं वरच्या दिशेला असतात.

खालून, कबरीतून कोणी धरलं, तरीही.