पोलादपंखाच्या मागची खिडकी

साहेब, तुम्ही चित्रं बघितलेली नाहीत. हे मी तोंडावर सांगतेय. दालन तुमचं, खुर्ची तुमची, दारावरच्या पाटीवर नाव तुमचं; पण भिंतीवर जे टांगलंय ते तुम्ही एकदाही धड बघितलेलं नाही. बघितलं असतं तर फरशीवरची ती पिवळी पट्टी इतक्या लांब चिकटवली नसती. तळहाताएवढ्या चौकटी, त्यात केसाएवढ्या रेघा, आणि बघणाऱ्याने उभं राहायचं कुठे, तर जिथून हत्तीसुद्धा मुंगी दिसेल तिथे. वर त्या पट्टीची राखण करायला एक माणूस ठेवलात. आता त्याच माणसाला, चित्राचं नुकसान होऊ दिलं म्हणून, तळघरात गाड्या लावायला धाडलंय. तुमच्या चौकशीत मला कुणी काही विचारलं नाही. म्हणून न विचारता सांगते.

मी दात बनवते. डॉक्टर साचा घेतात, पण कवळी घडवते ती मी, मागच्या गल्लीतल्या खोलीत, प्लास्टरच्या धुळीत बसून. तुमच्या शेजारच्या इमारतीत एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना कवळी पोचवायला आले होते आणि ते नेहमीसारखे उशिरा येणार होते. तुमचं दालन थंडगार होतं, दारात कुणी अडवत नव्हतं, म्हणून आत शिरले. कलाप्रेम वगैरे काही नाही.

आणि समोर पोलादपंख.

पोलादी पंख लावून उडणारा तो वीर. त्याच्या चित्रकथा वाचत मी मोठी झाले. दादा आणि मी एकच अंक दोन बाजूंनी ओढत वाचायचो. पण तो छापील माल म्हणजे पिवळट कागद आणि फुटलेली शाई. वीराचं नाक कुठे संपतं आणि शत्रूची मूठ कुठे सुरू होते, हे अंदाजाने ठरवायचं. इथे मूळ कागद होते, त्या म्हाताऱ्या चित्रकाराने स्वतःच्या हाताने काढलेले. पंखातलं एकेक पीस वेगळं. प्रत्येक पिसाला रिव्हेटचा खिळा. रिव्हेटवर उजेडाचा ठिपका, आणि तो बरोबर सूर्याच्या बाजूला. खाली अख्खं शहर, एका गच्चीवर वाळत घातलेला पायमोजा, त्या पायमोज्याच्या टाचेला भोक. जग बुडायला आलंय, खलनायक गर्जतोय, आणि ह्या माणसाने पायमोज्याचं भोक सोडलं नाही… मला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून मी खलनायकाच्या तोंडाकडे वाकले. धंद्याची खोड.

“पट्टीच्या मागे, मॅडम.”

आवाज पाठीमागून आला. मी वळले नाही. म्हटलं, “ह्याच्या दाढेत चांदी भरलीय.”

“असेल. पट्टीच्या मागे.”

“म्हणजे तुम्ही बघितली नाहीत?”

“माझं काम पाय बघायचं,” तो म्हणाला. “चित्रं कुठे पळून जात नाहीत. पाय पुढे येतात.”

मग त्याने समजावून सांगितलं की तुमच्याकडे तसंच शिकवतात. चित्रांकडे पाठ करायची आणि लोकांच्या पायांवर नजर ठेवायची. इतका काळ तो तिथे उभा होता आणि एकही चित्र त्याने पाहिलेलं नव्हतं. तुमच्यात आणि त्याच्यात तेवढं एक साम्य, साहेब. पण त्याला निदान त्याची लाज वाटली.

मी वळले. मी माणसं दातांवरून ओळखते, तो चपलांवरून. मी वरून सुरुवात केली, त्याने खालून, आणि मधल्या प्रवासाला दोघांनाही जरा जास्तच वेळ लागला. पुढचे दात सरळ. एक सुळा किंचित वळलेला. तो लपवायला हसताना ओठ मिटायची सवय… ती मला आवडली, आणि आवडली म्हणून राग आला.

तो म्हणाला की माझ्या चपलांना प्लास्टर आहे, मी कुठल्या चित्रासमोर किती रेंगाळले ते फरशीवर उमटलंय, आणि ते आता त्यालाच पुसावं लागणार. मी म्हटलं, पुसा. तो म्हणाला, पुसतोच आहे, तुम्ही जरा चालायच्या थांबलात तर.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना द्यायचं काहीच नव्हतं. तरी मी आले. पिशवीत माझं भिंग होतं.

आमची युक्ती सांगते, म्हणजे तुमच्या चौकशीला मदत होईल. वर कॅमेरा होता. मी पट्टी ओलांडली असती तर ठपका त्याच्यावर आला असता, म्हणून पहिला दिवस सोडला तर त्या काळात मी एकदाही ओलांडली नाही. पण काचा पुसायला त्याला आत जायची मुभा होती. तेव्हा एका हातात फडकं, दुसऱ्या मुठीत माझं भिंग. तो काचेला नाक लावून बघणार आणि मी पट्टीमागून ऐकणार. त्या दिवसांत तुमच्या काचा इतक्या लखलखल्या की तुम्ही त्याला सगळ्यांसमोर स्वच्छतेबद्दल शाबासकी दिलीत. आठवतंय ना? ती शाबासकी खरं म्हणजे माझी आहे.

सुरुवातीला तो अगदीच ढ होता.

“काय दिसतंय?”

“माणूस आहे. उडतोय.”

“ते मला इथून दिसतंय, पट्टीवाले. नखं सांगा.”

“नखं… आहेत.”

मी कपाळाला हात लावला. पण हळूहळू त्याची नजर बसली. पोलादपंखाच्या बुटाची नाडी तुटून पुन्हा गाठ मारलेली आहे, हे त्याने शोधलं. पळणाऱ्या गर्दीत सगळे वर बघतायत आणि एकच बाई खाली वाकून पडलेला डबा उचलतेय, तेही त्यानेच. एकदा म्हणाला, वीराच्या मानेवर दाढी करताना कापल्याची बारीक खूण आहे. आणि मग फडक्यासकट हात स्वतःच्या मानेवर नेला. उडणाऱ्या माणसालासुद्धा सकाळी दाढी करावी लागते, हे त्याला फार लागलं. डोळ्याभोवती भिंगाचा गोल उमटलेला, चेहऱ्यावर शाळा सुटल्यासारखा आनंद… मी चित्राबद्दल विचारायचं विसरून त्या गोलाकडेच बघत राहायची.

“इतक्या जवळून कुणी बघितलं, की कसं वाटत असेल?” एकदा त्याने काच पुसत पुसत विचारलं.

“कुणाला? पोलादपंखाला?”

“हं… त्यालाच.”

“सवय नसेल तर गुदगुल्या होत असतील,” मी म्हटलं. त्याने तीच काच पुन्हा पुसली.

शेवटचं चित्र सगळ्यात मोठं. पोलादपंख पंख पसरून उभा आणि मागे खिडक्यांनी भरलेल्या इमारती. खिडक्या सांगून संपत आल्या तेव्हा मी पिशवी खांद्याला लावली. इतक्यात तो म्हणाला, थांबा, डाव्या पंखाच्या मागे अजून एक खिडकी आहे. तिच्यात एक बाई आहे.

बाई उभी होती. हात चौकटीवर. चपलांवर पांढरे डाग. कुणाची तरी वाट बघत होती, पण तसं दाखवत नव्हती. मी विचारलं, दात दिसतायत का? तो म्हणाला, अजून हसली नाहीये, हसली की सांगतो.

मी त्या दिवशी तरंगत घरी गेले. आईला सांगितलं, दादाला फोन करून सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांचा पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकत राहिला. पोलादपंखाच्या मागे माझ्यासारखी एक बाई उभी आहे. एवढ्या मोठ्या चित्रकाराला अशी बाई काढावीशी वाटली. पुढे कित्येक खेपा मी फक्त तिचीच चौकशी करायची आणि तो दर वेळी तिच्याबद्दल काहीतरी नवीन शोधायचा.

मग चित्रकार स्वतः आले, तुमच्या त्या समारंभाला. तुम्ही भाषणात त्यांच्या ‘ठळक रंगांच्या उधळणीचं’ कौतुक केलंत. भिंतीवर सगळी काळी शाई होती, साहेब. एक थेंब रंग नव्हता. म्हाताऱ्याने शांतपणे टाळ्या वाजवल्या. तुम्ही पाहुण्यांना घेऊन चहाला गेलात आणि ते मागेच राहिले, कारण त्यांचे गुडघे दुखत होते.

मी थेट जाऊन विचारलं, “आजोबा, त्या खिडकीतली बाई कोण?”

“कुठली बाई?”

मी त्यांना त्यांचंच चित्र समजावून सांगितलं. हात, चौकट, चपला, सगळं. त्यांनी माझं भिंग मागून घेतलं आणि ते काचेशी वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते.

“बादली आहे,” ते म्हणाले.

मी म्हटलं, नीट बघा. ते म्हणाले, मुली, बादली मीच काढलीय, उपडी आहे. मग मात्र मी कॅमेरा, पट्टी, सगळं झुगारून काचेपाशी गेले. बादली होती. कडी, बूड, पत्र्याला आलेला पोचा, सगळं सुरेख. बाईचा पत्ता नाही.

आईला सांगितलं होतं मी. डॉक्टरांना. त्या तोंड उघडलेल्या माणसाला.

“मला फसवलंस तू,” मी वळून पट्टीवाल्याला म्हटलं. अहो-जाहो सगळं गळून पडलं. तो खाली बघत उभा, जणू आता स्वतःच्याच पायांची राखण करतोय.

“बघायचं संपलं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही पिशवी उचललीत. वाटलं, आता कशाला येतील परत… म्हणून म्हटलं, थांबा, अजून एक बाई आहे.”

“आणि चपलांवरचे डाग?”

“मला एकच बाई नीट सांगता येते.”

मला त्याला मारायचं होतं. हात उचललाही होता, पण त्या हाताने मी काय केलं, तर त्याच्या गालावरचा फडक्याचा धागा काढला. मधे आजोबा खोकले. म्हणाले, ती बादली मी जेवायची वेळ झाली होती म्हणून उरकली होती; हा सांगतोय ते जास्त चांगलं आहे. मग त्याला म्हणाले, “काढ रे ते खाली.”

“आजोबा, पट्टीच्या पुढे…”

“मी पट्टीच्या आधीचा आहे.”

तर हे असं झालं. फ्रेम ह्याने उतरवली, मागच्या पट्ट्या ह्याने सोडवल्या, भिंग ह्याने धरलं. म्हाताऱ्याने खिशातून बारीक टोकाचं पेन काढलं आणि माझ्याकडे बघत म्हणाला, चिडलेलीच राहा, शोभतंय. नखाएवढी खिडकी. त्या थरथरत्या हाताने कागदाला टेकल्याबरोबर थरथरायचं सोडलं. बादली हळूच बाईच्या पायाशी गेली, तिच्या सावलीत. चौकटीवर हात आला. चपला आल्या. डाग आले. आजोबा शाई वाळायला फुंकर घालत होते आणि तुम्ही बिस्किट हातात घेऊन दारात उभे राहिलात.

आजोबांना तुम्ही काही बोलला नाहीत. त्यांच्याबरोबर फोटो काढलात. त्याला मात्र तळघर.

आता तुमची समिती बसलीय आणि शेवटचा शब्द तुमचा. ती बाई ‘नुकसान’ ठरली, तर पात्याने खरवडून काढणार आणि ह्याची नोकरी जाणार. ‘चित्र’ ठरली, तर ती राहील आणि हाही राहील. आजोबांना समितीने विचारलं का? नाही. ते म्हणे आता ‘तिसरा पक्ष’ आहेत. स्वतःच्या चित्रात तिसरा पक्ष.

मी तळघरात गेले होते. तो शिट्टी तोंडात धरून एका गाडीला मागे घेत होता. मी त्या गाडीच्या मागेच जाऊन उभी राहिले, म्हणजे मला टाळता येणार नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. मी म्हटलं, मला गोलगोल बोलता येत नाही, लग्न करशील का? त्याने शिट्टी काढली. ह्या वेळी ओठ मिटून घेतले नाहीत. तो वळलेला सुळा पहिल्यांदा पूर्ण दिसला.

“हो,” तो म्हणाला. “पण… तुमच्या आईला भेटायला मी आत्ता येणार नाही.”

का, तर त्याला चौकशी चालू असलेला जावई म्हणून उंबरठ्यावर उभं राहायचं नाही. मी समजावलं, भांडले, हॉर्नवाल्या ड्रायव्हरनेही खिडकी खाली करून माझी बाजू घेतली. तो ऐकत नाही. सरळ दातांची माणसं हट्टी असतात, आणि ह्याचा तर एक वाकडाही आहे.

आई रोज संध्याकाळी विचारते, त्याला घरी कधी आणतेस. मी काय सांगू तिला? की मागणी मी घातलीय, चित्र आजोबांनी काढलंय, होकार त्याने दिलाय, आणि सगळं अडलंय ते अशा एका माणसापाशी, ज्याने अजून वाकून बघितलेलंसुद्धा नाही?

उठा खुर्चीवरून, साहेब. चष्मा लावा. भिंग नसेल तर माझं न्या. डाव्या पंखाच्या मागची खिडकी. बघा, आणि मला एका शब्दात सांगा: ती बाई नुकसान आहे, की चित्र?