उचललेला मिस कॉल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कमळाकरसमोर मात्र हसू नका. हे त्याच्यासोबत घडलंय, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नाही.

साल २००७. म्हसा गावची जत्रा नुकतीच उठली होती. थंडी अजून ओसरली नव्हती.

कमळाकरचं घर म्हशाजवळच्या एका गावात. नोकरी भातसानगरला, धरणावर पहारेकरी. आठवडाभर तिकडेच खोलीवर राहायचा आणि रविवारी घरी यायचा. घरी बायको रेश्मा आणि सहा वर्षांची मनस्वी. मनस्वी पहिल्या बायकोची, गिरजाची. गिरजा दोन वर्षांपूर्वी भातकापणीत साप चावून गेली. रेश्माने मात्र पोरीला पोटच्या लेकीसारखं जपलं.

गिरजा असतानाच घरात एक रीत पडली होती. ड्यूटी संपवून खोलीवर आलं की कमळाकर घरच्या मोबाइलवर दोन रिंगा द्यायचा आणि कापायचा.

दोन रिंगा म्हणजे, पोचलो.

फोन उचलायचा नाही, म्हणजे पैसेही जायचे नाहीत. तेव्हा निम्म्या जगाचा संसार मिस कॉलवरच चालायचा.

रेश्मा आली तरी रीत तीच राहिली. फोनही तोच, गिरजाचा. नंबरही तोच. चालू सिम कशाला टाकायचं? रेंज फक्त पडवीच्या खिडकीत यायची, म्हणून फोन पिशवीत घालून गजाला टांगलेला असायचा.

मग कमळाकरच्या मोबाइलचा बॅलन्स जायला लागला.

शहापूरला रितेशच्या दुकानात रिचार्ज मारावा, तर दोन दिवसांत सगळा साफ. शेवटी रितेशने कंपनीत फोन लावला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"कमळाकरभाऊ, तुमी घरीच फोन लावता ना?"

"मंग कुठं लावनार? आनि लावतो कसला, मिस कॉल देतो."

"कोनतरी उचलतंय. आनि पैसे परदेशच्या रेटनं कापलेत."

"म्हसा काय परदेशात हाय का रे?"

"मी बी तेच विचारलं. त्या बाई म्हनतात, कॉल देशाच्या बाहेर लागलाय. कुठल्या देशात, ते त्यांना दिसत नाय."

रविवारी कमळाकरने रेश्माला फैलावर घेतलं. ती रडायलाच लागली.

"अवो, मी चुलीपाशी असते. दोन रिंगा ऐकते, मनाला बरं वाटतं. मी कशाला हात लावू?"

ती खोटं बोलत नव्हती. हे कळल्यावर तो जास्तच घाबरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीवर येऊन त्याने दोन रिंगा दिल्या. लाल बटण दाबलं. आणि फोन खिशात न टाकता कानाला लावला...

कॉल तुटलाच नव्हता.

आधी काहीच नाही.

मग वारा. उभ्या भातातून सळसळत येतो तसा.

मग... खर्र... खर्र...

विळा चालत होता. कोणीतरी भात कापत होतं. पण कापणी होऊन तर दोन महिने झाले होते. शिवारात एक लोंबी उभी नव्हती.

मग मनस्वीचा आवाज आला. अगदी जवळून.

"आये, बाबा खोलीवर पोचले. आता मला नेशील?"

विळा थांबला.

"येते गो. पोचले की दोन रिंगा देईन. तू दार उघड."

तो आवाज कमळाकरने स्वतःच्या हाताने अग्नी दिलेल्या बाईचा होता.

मिळेल त्या गाडीने तो घरी धावला. सकाळ होताच रेश्मा आणि मनस्वीला घेऊन निघाला. निघण्याआधी सिम काढून चुलीत जाळलं. बॅटरी विहिरीत टाकली. रिकामा फोन तिथेच गजाला लटकत ठेवला आणि घराला कुलूप घातलं.

भातसानगरची खोली. दिवेलागणीची वेळ. रेश्मा भाकऱ्या थापत होती. मनस्वी दाराजवळ बसून फळीवरच्या कमळाकरच्या फोनकडे बघत होती.

"बाबा, आज मिस कॉल नाय दिला?"

"आता सगळी हितंच हाय ना गो. कुनाला द्यायचा?"

पोरगी नुसती हसली.

आणि फोन वाजला.

एकदा...

दुसऱ्यांदा...

थांबला.

पडद्यावर नाव होतं, 'घर'.

मनस्वी उठली आणि कडीला हात घालायला गेली. कमळाकरने दाराला पाठ लावली. रेश्माने पिठाच्या हातांनीच पोरीला मागून घट्ट मिठी मारली. बाहेर कोणी दार ठोठावलं नाही, हाक मारली नाही. फक्त मनस्वी पुन्हा पुन्हा म्हणत होती...

"बाबा, बाजूला व्हा ना. ती उभी हाय."

उजाडेपर्यंत तो तसाच उभा होता.

सकाळी दार उघडलं. उंबऱ्याबाहेर हिरव्या लोंब्यांची एक पेंढी होती. ताजी कापलेली.

त्यानंतर काही घडलं नाही. का नाही, ते कोणालाच कळलं नाही. मनस्वी आता मोठी झालीय. रेश्मालाच आई म्हणते. ते दिवस तिला आठवत नाहीत, असं सांगते.

पण अजूनही कोणाचा फोन दोन रिंगा वाजून थांबला, की कमळाकर आधी तिच्याकडे बघतो.

आणि ती दाराकडे बघत असते.