पाठीवर लागणारी ढलपी

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा नाहीतर राहू द्या, मला काही फरक पडत नाही.

हे पेज मी रोज वाचतो. अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी... तेच तेच. निम्मे लोक ढोसून घरी जाताना कुत्रं बघतात आणि आम्हाला भूत म्हणून सांगतात.

माझ्या गोष्टीत रात्रच नाही. एप्रिलचा दुसरा मंगळवार, सकाळचे साडेदहा. गाव इब्रामपूर, तालुका पेडणे. कडक ऊन.

मी शंभू. साईश माझा धाकटा भाऊ. तीन आठवड्यांवर त्याचं समीक्षाशी लग्न होतं आणि जेवण घरच्या मांडवात, चुलीवर व्हायचं होतं. आमच्या घरात लग्नाची लाकडं घरच्यांनीच तोडायची. विकत आणली असती तर आईने महिनाभर तोंड फुगवलं असतं.

घरात बाबांची चेनसॉ होती. वीस वर्षांची, धोंड्यासारखी जड. दहा वेळा दोरी ओढली की एकदा खोकणार. साईश म्हणत होता, हीच घेऊया, आपला हात बसलाय. मी म्हटलं, भंगारवाल्याला फुकट दिलीस तरी तो वर रिक्षाचं भाडं मागेल.

मला नवीन पाहिजे होती.

अगदी कोरी नव्हे. डिचोलीत, शिरगावच्या वाटेवर सत्यवती नावाची एक बाई मशीन विकत होती. मूळची दोडामार्गची. नवरा लाकडं तोडायचा, वर्षापूर्वी वारला. मशीन दोन-तीन वर्षांचीच. हलकी, केशरी, एका झटक्यात चालू. बाईने घासाघीससुद्धा केली नाही. मशीन माझ्या हातात दिली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

खुळी आहे, म्हटलं. वस्तूची किंमत कळत नाही हिला.

आता एक सांगतो, ते नीट वाचा.

मशीन चालू असली की हाक ऐकू येत नाही. जवळ जाऊन हात लावायचा नाही, माणूस दचकला तर मशीन फिरते. म्हणून जोडीचा माणूस मागे लांब उभा राहतो आणि लाकडाची ढलपी पाठीवर मारतो. ढलपी लागली की मशीन बंद. का, कशाला, ते नंतर विचारायचं. बाबांनी हे आम्हाला मार देऊन शिकवलं होतं.

पहिलं झाड आमच्या बागेतल्या वाळलेल्या काजूचं होतं. अर्धा बुंधा कापला असेन, आणि...

टप्.

उजव्या खांद्याच्या खाली.

मशीन बंद केली. मागे बघितलं. साईश तीस पावलांवर, माझ्याकडे पाठ करून मोळी बांधत होता.

कशाला मारलीस म्हणून विचारलं. म्हणाला, मी नाही मारली. मी त्याला शिव्या घातल्या. लग्न ठरल्यापासून त्याचं अर्धं लक्ष फोनवर असायचं.

पण मशीन बंद होती, तरी बागेत आवाज नव्हता. काजूच्या दिवसांत तिथे पाखरांचा नुसता बाजार असतो. त्या दिवशी एक पाखरू बोलत नव्हतं.

परत चालू केली. दोन मिनिटं गेली...

टप्. त्याच जागी.

ह्यावेळी खाली बघितलं. पायाशी भुसा होता. ढलपी नव्हती. एकसुद्धा नव्हती.

मग मी साईशला समोर उभा केला. माझ्या नजरेसमोर, दोन्ही हात रिकामे. म्हटलं, हलू नको. मशीन लाकडाला लावली. साईश समोर, मी त्याच्याकडे बघतोय, आणि...

टप्.

तो हलला नव्हता. माझ्या मागे काजूची झाडं होती, दुसरं कोणी नव्हतं.

इथे तुमच्यातला कोणीही घरी पळाला असता. मी नाही पळालो. असल्या लोकांची मला कीव येते. शीर उडत असेल, म्हटलं. नवीन मशीनची थरथर वेगळी असते, तेवढंच. साईश म्हणाला, दादा, बाबांची घेऊन येतो. मी त्याला भित्रा म्हटलं. वर हेही म्हटलं की समीक्षाला बिचारीला चांगलाच नवरा मिळतोय.

तो मागे, आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

पुढचं झाड वाळलेला किंदळ. उंच. मी ठरवलंच होतं, आता मागे बघायचं नाही. मारू दे, किती मारायच्या त्या.

मशीन आत गेली. थोड्या वेळाने...

टप्.

मी थांबलो नाही.

परत एक. जोरात. मी दात दाबून मशीन आणखी आत घातली. खरं सांगतो, मजा वाटत होती. कोण जिंकतो बघू, असं.

मग कमरेवर धक्का बसला आणि मी झुडपात जाऊन पडलो.

वर एक सुकी फांदी मोडून अडकलेली होती. ती सुटली होती. मी उभा होतो तिथे ती पडली, आणि तिच्याखाली साईशचा पाय होता.

हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर तो एवढंच बोलला.

"दादा, दोन मारल्या मी. तू बघितलंसच नाही."

पाय दोन ठिकाणी मोडला होता. लग्न ठरलेल्या दिवशीच झालं. सात पावलं त्याला दोघांनी धरून चालवला. आता प्लास्टर निघालंय, पण तो लंगडतो. डॉक्टर म्हणतात, हे राहणार. तो मला एका शब्दाने बोलत नाही. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

उरलेली लाकडं मी बाबांच्या मशीनने कापली. दोन दिवस लागले. पाठीवर काही लागलं नाही.

मग मी डिचोलीला गेलो. दारात उभा राहून त्या बाईला नको नको ते बोललो. लाज नाही, माणूसपण नाही, माहीत होतं आणि विकलीस. तिने सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाली,

"ते आठ दिस सांगत हुते, पाठीक कोणतरी मारता म्हणान. मगे मागे बघूचा सोडल्यानी. ते गेले त्या दिसाक ढलपी मियांच मारलंय."

मी विचारलं, त्यांनी ही मशीन कोणाकडून घेतली होती?

"अशीच, जुनी. इकणाऱ्यान काय्येक सांगूक नाय."

मशीन परत घेणार का, म्हणून विचारलं. तिने दार लावून घेतलं.

फोडून टाकायला हवी होती. कळतं मला. पण चांगली मशीन होती हो.

गेल्या महिन्यात विकली. मोरजीचा एक तरुण, हॉटेलच्या पिझ्झाच्या भट्टीला लाकडं लागतात त्याला. कशाला विकता, विचारलं त्याने. म्हटलं, घरात एक आहे. दुसरं काही सांगितलं नाही. त्या बाईला जे जे बोललो, ते सगळं आता माझ्यावर आहे.

परवा त्याचा फोन आला. मशीन एकदम हलकी चालते म्हणाला. मग...

"दादा, एक विचारू? हसू नका हं."

मी फोन कट केला.

काल दोनदा आला. आज सकाळपासून चारदा.

उचललेला नाही.