सीलबंद लिफाफ्यातलं नाव

"अहो, छत्री जरा वर धरा ना! सगळं पाणी माझ्या खांद्यावर येतंय."

हलापा शहरातल्या जमीन कचेरीबाहेर आम्ही रांगेत उभे होतो आणि आमच्याकडची ती पावसाची भुरभुर काही थांबायला तयार नव्हती. पुढचा उंच माणूस वळला. तपकिरी डोळे… आणि बाहीला चिकटलेला लाकडाचा भुसा.

"माफ करा हं, बाई," म्हणत त्यानं छत्री सरळ माझ्याच डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिला.

"मी शिक्षिका आहे हे कसं कळलं?"

"आल्यापासून तिघांना रांगेत नीट उभं केलंत. चौथा मी."

मला हसू आलं. तेवढ्यात मागून ओतिलिया कुजबुजली, "कासिल्दा, अगं हा लेआंद्रो. फिदेन्सिओ भाऊजींचा मुलगा."

माझं हसू तिथल्या तिथे मावळलं. छत्रीखालून बाहेर येऊन मी मुद्दाम भिजत उभी राहिले.

ओतिलिया माझी जिवाभावाची मैत्रीण. चार महिन्यांपूर्वी तिचा नवरा, अबुंदिओ, गेला. डोंगरउतारावरचा कॉफीचा मळा दोघांनी मिळून अकरा वर्षं राखला होता. पण ती जमीन गावाच्या सामाईक मालकीतली. तिचे तुकडे पडत नाहीत, ती एकाच वारसाला मिळते. त्या वारसाचं नाव माणूस जिवंतपणी सीलबंद लिफाफ्यात घालून कचेरीत ठेवतो आणि घरी चकार शब्द काढत नाही, कारण सांगितलं की भांडणं आलीच. लिफाफा उघडतो तो माणूस गेल्यावर.

अबुंदिओनं तो लग्नाआधीच ठेवला होता. त्याला अक्षरओळख नव्हती, म्हणून थोरल्या भावानं, फिदेन्सिओनं, स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली अबुंदिओनं अंगठा उठवला. लग्नानंतर लिफाफा बदलायचा राहून गेला, असंच सगळे धरून चालले होते. आमच्याकडे पुष्कळांचं तसं होतं. लिफाफा उघडला की महिन्याभरात माहेरी जा, असं फिदेन्सिओनं ओतिलियाला तोंडावर सांगितलं होतं. तिला माहेर उरलंच कुठे होतं!

त्या दिवशी अर्ज दिला. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

आणि मध्येच एका दुपारी लेआंद्रो माझ्या शाळेत हजर! खालच्या गावात त्याचा सुतारकामाचा कारखाना होता. हातात रंधा, खांद्यावर पिशवी.

"बाकं डुगडुगतात म्हणे तुमची."

"कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. शाळेतली बाकं डुगडुगतातच."

दोन तास तो बाकं ठोकत बसला आणि मी… खोटं कशाला बोलू, वह्या तपासायच्या सोडून त्याच्या हातांकडे बघत बसले. एकदा त्यानं मान वर केली आणि मी पकडले गेले.

"काही चुकतंय का, बाई?"

"खिळा… वाकडा जातोय," मी म्हटलं. खिळा अगदी सरळ होता.

निघताना मला राहवलं नाही. "तुमच्या वडिलांना समजवा ना! कुठे जाईल ती?"

"दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ताटावरून उठले." तो घुटमळला. "मला एक गोष्ट ठाऊक आहे… पण लिफाफा उघडेपर्यंत बोलायचं नाही असा काकांना शब्द दिलाय."

"तिची रात्रीची झोप उडालीय आणि तुम्ही शब्द कसले पाळताय? चालते व्हा!"

तो मान खाली घालून गेला. संध्याकाळभर मी त्याच्यावर चिडले होते, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

तारखेला टेबलाच्या एका बाजूला फिदेन्सिओ आणि लेआंद्रो, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी. अधिकारीणबाई आल्या आणि त्यांनी टेबलावर दोन लिफाफे ठेवले.

"दोन?" फिदेन्सिओ खुर्चीतून उठलाच.

"दुसरा तीन वर्षांपूर्वीचा. नंतरचा असतो तोच धरायचा."

त्यांनी तो फोडला, वाचला आणि कागद आमच्याकडे फिरवला. त्यावर एकच नाव होतं… ओतिलिया. अक्षरं अंगठ्याएवढी मोठी, एक चढलेलं, एक उतरलेलं, शेवटचं पार चौकटीबाहेर गेलेलं. खाली अंगठा नव्हता. सही होती.

"हे कुणी लिहिलं?" ओतिलियानं विचारलं. "त्याला तर लिहिता येत नव्हतं…"

"काकांनीच लिहिलं, काकी. मी शिकवलं. सहा महिने, दर गुरुवारी."

"गुरुवारी तो तुझ्याकडे डॉमिनो खेळायला जायचा!"

"माझ्याकडे डॉमिनो नाहीच."

"अरे, मग कुणाकडूनही लिहून घ्यायचं की!" फिदेन्सिओ ओरडला.

"मीही तेच म्हटलं, बाबा. काका म्हणाले, मागच्या वेळी दुसऱ्यानं लिहिलं. बायकोचं नाव मी माझ्या हातानं लिहिणार."

ओतिलिया एकेका अक्षरावरून बोट फिरवत होती. दरवर्षी मी चाळीस मुलांना लिहायला शिकवते, पण लिहिणं म्हणजे एवढं काही असतं हे मला त्या दिवशी कळलं. आणि हे सगळं पोटात ठेवून, माझी बोलणी खाऊन गप्प राहिलेला तो माणूस समोर बसला होता. त्याच्याकडे बघायचीही मला लाज वाटली.

फिदेन्सिओ गाडी घेऊन एकटाच निघून गेला. लेआंद्रो आमच्याबरोबर बसनं आला. ओतिलिया पुढच्या बाकावर मुद्दाम पिशवी ठेवून बसली, म्हणून मला मागे त्याच्याशेजारी बसावं लागलं.

"पुढेमागे मळा तुम्हालाच मिळाला असता," मी म्हटलं.

"हो."

"आता वडील घरात घेतील?"

"काही दिवस नाही घेणार. कारखान्यात झोपेन." तो खिडकीबाहेर बघत होता. "बाई, गावात शिकलेली शिक्षिका असून काका माझ्याकडे आले. तुमच्यापुढे चुकायला लाजत होते. मीही लाजतो… म्हणून बाकं ठोकत बसलो."

इंजिनाच्या आवाजात निम्मं ऐकू आलं नाही, पण मला पुरेसं होतं. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज नेमका तेव्हा तोंडातून निघाला.

"मला तू आवडतोस, लेआंद्रो!"

अख्खी बस वळून बघायला लागली. ड्रायव्हरनं आरसा नीट केला. लेआंद्रो कानापर्यंत लाल झाला, पण त्यानं माझा हात घट्ट धरला. आणि पुढच्या बाकावरून ओतिलिया अबुंदिओ गेल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली.