दोन्ही काठांचं मत

कुक्कोला गावाजवळ नदीच्या खळाळत्या प्रवाहापाशी पावसानं मला गाठलं, म्हणून मी मासे भाजायच्या छपराखाली शिरले. निखाऱ्यांपाशी एक उंच, निथळणारा तरुण बसला होता.

"काय विकताय?" माझ्या हातातली पत्रकं बघत त्यानं विचारलं.

"काही नाही. रविवारी युरोपच्या संसदेची निवडणूक आहे. मत द्या, एवढंच सांगत फिरतेय."

"लोक ऐकतात?"

"बहुतेक दार लावून घेतात."

तो हसला आणि काडीवर भाजलेला मासा माझ्यापुढे धरला. त्याचं नाव तूरे. आई स्वीडिश, वडील फिनिश, घर नदीपलीकडच्या फिनलंडच्या काठावर, तोर्नियोत. मी अलीकडच्या, स्वीडनमधल्या हापारांडातली शिक्षिका, हिल्लेवी.

"इकडे मला तिकडचा म्हणतात, तिकडे इकडचा," तो सहज म्हणाला. "मग मी मत द्यायचं ते कुणाचा म्हणून?"

मी हातातलं पत्रक पुन्हा वाचून पाहिलं.

पाऊस थांबला तसा तो प्रवाहावर बांधलेल्या लाकडी फळीवर गेला आणि लांब दांड्याचं जाळं प्रवाहात सोडलं. काय डौल होता त्या हातांना! आणि पकडलेले मासे त्यानं दोन्ही काठांवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी पोचवले. त्यानंतर रोज संध्याकाळी माझी सायकल आपोआप कुक्कोलाकडे वळू लागली.

शनिवारी तो म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर नाचायला ये — मग देतो मत."

"मग देऊच नकोस," मी म्हणाले. "माझ्यासाठी दिलेलं मत मला नको."

त्याचा चेहरा उतरला. मीही तशीच निघून आले.

रविवारी मी मत दिलं, पण मन थाऱ्यावर नव्हतं. दोन्ही गावांमधल्या पुलावर रेंगाळत उभी राहिले. दुपारी पलीकडून तो आला, सायकल हातात धरून.

"दिलं मत," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही हं."

"मग?"

"रात्रभर विचार केला. नदी एक, मासे तेच. आज दोन्ही काठ एकाच सभागृहासाठी माणसं निवडतायत. तिथं मी अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा नाही... पुरता आहे."

इतके दिवस मी जे सांगत फिरत होते, ते मला असं कधी सांगता आलं नव्हतं.

"तूरे, नाच किती वाजता आहे?"

"ती लाच होती ना?"

"मतदान झालंय तुझं," मी त्याच्या सायकलीवर हात ठेवला. "आता मी माझ्या मनानं येतेय."